चार बोटं वर

गाडी माझी नव्हती. भाऊजींची.
दोन हजार सहाची, शंभर सीसी,
टाकीवर कोण्या वरातीतला पोचा,
आणि बसलं की माझे पाय
जमिनीपासून दोन इंच अधांतरी.

"स्कुटी घे वं बेबीनंदा," सगळ्यांचं एकच.
सगळे डांबरीवर उभे राहून सांगत होते.
पांदणीत स्कुटीचं चाक बसलं
की आधी ट्रॅक्टर बोलवा, मग ट्रॅक्टरवाल्याला चहा,
तोवर गाईचा माज उतरून जातो.

माजाला घड्याळ असतं.
फोन येतो, "मॅडम, तांबडी हंबरून राह्यली सकाळपासून,"
की निघायचं.
मागं कॅनमध्ये वळूंच्या बीजाच्या नळ्या,
उणे एकशे शहाण्णव.
डोक्यावर मे महिन्याचे सेहेचाळीस.
मधात मी.

कुपटा फाट्यावर इर्शाद मिस्त्री.
दुकान म्हणजे बाभूळ, चार पत्रे, एक कॉम्प्रेसर.
त्यानं आधी गाडी पाहिलीच नाही, मला पाहिलं.
बसा म्हणाला. उतरा. परत बसा.
शिंप्यासारखं.
मग सीट सोलली, फोम कापला कडेकडेनं.
"मधातला राहू द्या डॉक्टरीन बाई,
हाडं तुमचीच हायत."

पुढचं चक्कर चौदा दातांचं होतं, तेरा दातांचं टाकलं.
एक दात पडला आणि गाडीला जोर आला.
अडाणच्या काठची चढण ती आता
पदर खोचल्यासारखी चढते.
साठाच्या पुढं किंचाळते, हे खरं.
साठाच्या पुढं माझं कोणतंच गाव नाही.

काळी माती मडगार्डात शिरून चाक धरते,
म्हणून मडगार्ड उचलायचा होता चार बोटं.
कोणाची चार बोटं, यावर वाद झाला.
माझी धरली.
श्रावणात चाक जाम झालं. ढकलत आणली.
त्यानं परत उचलला, स्वतःच्या बोटांनी मोजून,
आणि बोलला काहीच नाही.
ते जास्त लागलं.

बाकीचं पाहून पाहून शिकले.
चेन खालून उचलायची: इंचभर हलली पाहिजे.
तुरी काढायच्या दिवसांत भुसा फार,
एअर फिल्टरचा फोम दर आठवड्याला
धुवून दोरीवर, पोलक्यांच्या शेजारी.
"हे काय वं, कोणाचं?" शेजारीण विचारते.
गाडीचं, म्हणते मी.
ती नजर खाली घालते.

ज्या हातानं गाईच्या आत, न पाहता,
गर्भाशयाचं तोंड शोधते
त्याच हातानं टाकीच्या खाली, न पाहता,
कार्बोरेटरचा स्क्रू.
अर्धा फेरा आत. पाव फेरा बाहेर.
थांबायचं.
आतून उत्तर येतं.
दोन्हीकडं घाई केली तर लाथ बसते.

यंदा पोळा झाल्यावर
इर्शादनं प्लग माझ्याच हातात दिला.
"गॅप पाहा."
तुम्ही पाहा ना.
"मले दोन प्लग दिसतात," म्हणाला,
"मोतीबिंदू हाय म्हणतात."
मी उन्हाकडं धरला. त्याचंच करवतीचं पातं
फटीतून सरकवलं. सैल गेलं.
पान्यानं हलकेच ठोकला, परत पातं,
आता अंग घासून गेलं.
किक मारली. तो डोळे मिटून ऐकत बसला.
डोळे मिटायची तशी गरज नव्हती.
"हं," म्हणाला. "मघाशी तोतरी बोलत होती."

मी म्हटलं, शनिवारी वाशिमला डोळ्यांचं शिबिर आहे.
मागं बसा. नेते.
"कॅनचा पिंजरा खोलावा लागंल."
खोलू. चारच नट आहेत.
"बाईच्या मागं बसू मी, या फाट्यावरून?"
मी हेल्मेटचा पट्टा लावला, काही बोलले नाही.
तेवढं त्याच्याकडूनच शिकले होते.

त्यानं चिंधीला हात पुसले, बराच वेळ.
मग मला नाही, गाडीला सांगावं तसं म्हणाला,
"दोघांच्या वजनाले
तेरा दातच बरे."